बाळंतपणासाठी स्वसंमोहन: सातव्या-आठव्या महिन्यापासून कळांपर्यंतचा सराव

संमोहन म्हटलं की झुलणारा लोलक आणि स्टेजवर सफरचंद समजून कांदा खाणारा माणूस आठवतो. बाळंतपणाच्या तयारीत शिकवतात त्या संमोहनात यातलं काही नसतं. रंगलेल्या पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला बाजूला वाजणारा फोन ऐकू येतो, पण उचलावासा वाटत नाही; साधारण तशी ही अवस्था. शुद्ध पूर्ण असते, बोललेलं कळतं, वाटेल तेव्हा डोळे उघडता येतात. मनाविरुद्ध कुणी काही करून घेऊ शकत नाही. बहुतेक वेळा समोर संमोहन करणारं कुणी नसतंच. बाई स्वतःच स्वतःला तिथवर नेते. या लेखात हेच स्वसंमोहन आणि त्याच्या आधी यावं लागणारं अंग सैल सोडणं, दोन्ही पायरीपायरीने दिलं आहे.

आधी अपेक्षा ठरवून घ्या

कळा दुखतात. संमोहनाने त्या दुखायच्या थांबतील असं सांगणारं शिबिर दिसलं तर तिथे पैसे भरू नका. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली ९ चाचण्यांचा, म्हणजे २,९५४ स्त्रियांचा, एकत्र आढावा घेतला. संमोहन शिकलेल्यांना वेदनाशामक औषधं एकूण थोडी कमी लागत असावीत, असं त्यात दिसलं. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करण्यासाठी पाठीच्या कण्यापाशी सुई टोचून दिलं जाणारं औषध, घेण्याचं प्रमाण मात्र कमी झालेलं दिसलं नाही आणि नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण वाढल्याचंही स्पष्ट झालं नाही. ब्रिटनमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या एका चाचणीत (२०१५, ६८० जणी) निकाल असाच लागला: एपिड्युरल घेणाऱ्या संमोहनाच्या गटात २७.९ टक्के, दुसऱ्या गटात ३०.३ टक्के. हा फरक नसल्यात जमा. पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारल्यावर संमोहन शिकलेल्या बायकांनी सांगितलं की आधी वाटली होती त्या मानाने प्रत्यक्षातली भीती आणि चिंता कमी होती.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. ‘एपिड्युरल घेतलं म्हणजे संमोहन फसलं’ ही मोजपट्टीच चुकीची आहे. दुखण्यावर भीतीचा थर चढू द्यायचा नाही, आणि दोन कळांच्या मधला वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं. कळ साधारण मिनिटभर टिकते. मधली विश्रांती, सुरुवातीला तरी, त्याच्या कितीतरी पट असते. घाबरलेली बाई ती सगळी विश्रांती पुढच्या कळेची वाट बघण्यात घालवते आणि खरा जोर लागायच्या आतच थकून जाते.

यामागचं शरीरशास्त्र सोपं आहे. भीती, ताण, वेदना हे एकमेकांना खतपाणी घालतात, असं ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात मांडलं. भीतीने ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि सुरुवातीच्या टप्प्यात ते जास्त झालं तर कळा विस्कळीत होऊ शकतात, कारण गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जोरावर. गर्भाशयाचा स्नायू काही आपल्या हुकमात नाही. पण जबडा, खांदे, मांड्या आणि ओटीपोटाचा तळ हे आपल्या हातात आहेत, आणि घाबरल्यावर नेमके तेच आवळले जातात.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

पूर्वी सायकोसिस (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) झाला असेल, बायपोलर आजार असेल, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटण्याचा त्रास होत असेल, फिट येत असतील, किंवा पूर्वीच्या अत्याचाराच्या वा भयंकर बाळंतपणाच्या आठवणी उसळून येत असतील, तर घरच्या घरी ध्वनिफीत लावून सुरुवात करू नका. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना आधी विचारा. डोळे मिटून आत वळल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी जास्तच अस्वस्थ वाटतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवून फक्त श्वासाचा सराव करावा. तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

बाकीच्यांनी तिसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू केलं तर चांगलं. रोज पंधरा-वीस मिनिटं. त्याआधी सुरू केलं तरी काही बिघडत नाही. छत्तिसाव्या आठवड्यात जाग आली असेल तर दोन-तीन पायऱ्याच घ्या आणि त्या पक्क्या करा.

पहिली पायरी: बसणं आणि श्वास

शेवटच्या तीन महिन्यांत उताणं पडून सराव करू नका. गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून चक्कर येऊ शकते, बाळाकडचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. शवासनाची सवय असलेल्यांनी एवढा एक बदल करायचा: कुशीवर वळायचं, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली पातळ उशी. किंवा खुर्चीत टेकून बसा, तळवे जमिनीला टेकलेले. निदान काही दिवस तरी बसून सराव कराच, कारण कळांच्या वेळी तुम्ही आडव्या असालच असं नाही.

श्वास नाकाने, मनात चार मोजेपर्यंत आत. तोंडाने सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर, ओठ सैल. आत घेताना पोट वर येतं, सोडताना खाली जातं. रोखून धरायचा नाही. आकडा गाठण्यासाठी ओढाताण होत असेल तर तीन आणि पाच मोजा. सगळा भर बाहेर जाणाऱ्या श्वासावर ठेवायचा.

सिनेमात बाळंतीण भराभर धापा टाकताना दाखवतात. जलद, उथळ श्वास फ्रान्समधले डॉक्टर फर्नांद लामाझ यांनी १९५०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीचा भाग होता, त्याची ही छाप. तसा श्वास बराच वेळ चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. सरावात मुंग्या आल्या तर समजा की श्वास फार जोरात चाललाय. सावकाश करा.

दुसरी पायरी: अंग सैल सोडणं

ही पद्धत अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, १९२०च्या दशकातली. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे आवळलेलं आणि सैल यातला फरक शरीराला कळतो. बहुतेकांना तो कळत नाही. ‘मी सैल आहे’ असं सांगणाऱ्या बाईचे खांदे कानाला टेकलेले असतात.

मुठी वळा, पाच सेकंद धरा, श्वास सोडताना उघडा. मग दंड. खांदे वर उचला आणि टाकून द्या. कपाळ, डोळे. जबड्यापाशी जरा जास्त थांबा: दात एकमेकांवर दाबा, मग खालचा जबडा लोंबू द्या, ओठांत फट राहू दे. पोट आवळायचं नाही, ते तसंच सोडून पुढे जायचं. नितंब, मांड्या. पायांसाठी चवडे आपल्याकडे ओढा. बोटं पुढे ताणली तर पोटरीत गोळा येतो, आणि गरोदरपणात तो झोपेतून उठवतो तेवढं पुरे आहे.

आठ-दहा दिवसांनी आवळणं बंद करून नुसतं सोडत जा. जमलं का हे सोबतीला असणाऱ्या माणसाने तपासायचं. त्याने तुमचं मनगट धरून हात वितभर उचलावा आणि अलगद खाली ठेवावा. हात जड लागला आणि आपण होऊन वर आला नाही, तर तो सैल आहे. तुम्हीच मदत करत हात उचललात तर अजून सराव हवा. या तपासणीत पहिल्यांदा जवळजवळ सगळ्याच नापास होतात.

तिसरी पायरी: खोल जाणं आणि परत येणं

अंग सैल झालं की मनाला एक वाट द्यायची. खाली दिलेला मजकूर सोबतीने सावकाश वाचावा किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून द्यावा. प्रत्येक वाक्यानंतर एका श्वासाएवढं थांबायचं.

‘डोळे मिट. पापण्या जड होऊ देत. मी दहापासून खाली मोजतो, प्रत्येक आकड्याला तू एक पायरी उतरशील. दहा. खांदे खाली. नऊ. जबडा सैल. आठ. हात जड. सात. बाहेरचे आवाज येतात, येऊ देत. सहा. श्वास लांब. पाच. अर्ध्या वाटेवर आलीस. चार. मांड्या सैल. तीन. तळवे उबदार. दोन. आणखी थोडं खाली. एक. तू तुझ्या जागी आलीस. इथे काय दिसतंय? पायाखाली काय लागतंय? कसला वास येतोय? थोडा वेळ इथेच रहा.’

ती ‘जागा’ तुमच्या मनातली हवी, खरी किंवा कल्पनेतली. समुद्रकिनारा सगळीकडे सुचवतात, पण पाण्याची भीती असेल तर किनारा कशाला? पूर्वी कधी तरी निवांत बसल्याची एखादी खोलीही चालते. चित्र स्पष्ट दिसलंच पाहिजे असं नाही. काहींना चित्रापेक्षा आवाज लवकर येतो, काहींना हवेचा स्पर्श.

परत येताना घाई नको: ‘मी एकपासून पाचपर्यंत मोजतो. एक, दोन, हातापायांत जाग येतेय. तीन, मोठा श्वास. चार, पापण्या हलक्या. पाच, डोळे उघड.’ मग दोन मिनिटं बसूनच रहा. मध्येच झोप लागली तर लागू दे, गरोदर बाईला झोपेचं वावडं नसावं. रोजच झोप लागत असेल तर मात्र बसून सराव करा. ही फीत गाडी चालवताना किंवा गॅसजवळ काम करताना कधीही लावू नका.

चौथी पायरी: स्वतःला द्यायच्या सूचना

तंद्री लागली असताना ऐकलेली वाक्यं मनात रुजतात, हा या तंत्राचा गाभा. म्हणून ती वाक्यं पारखून घ्यावीत. ‘मला दुखणार नाही’ हे सर्वांत वाईट वाक्य. पहिलीच जोरदार कळ ते खोटं पाडते, आणि मग बाकीच्या वाक्यांवरचा विश्वासही उडतो. ‘माझं बाळंतपण नॉर्मलच होईल’ हेही तसंच, ते कुणाच्या हातात नाही.

वाक्य छोटं असावं, वर्तमानकाळातलं असावं, आणि काहीही घडलं तरी खरं राहील असं असावं. ही काही:

कळ चढते, शिगेला जाते, ओसरते.
ही कळ गेली, ती परत येणार नाही.
दोन कळांच्या मध्ये माझं अंग सैल पडतं.
जबडा सैल, खांदे खाली.
बेत बदलला तरी माझा श्वास माझ्याजवळ आहे.
मला विचारायचं ते मी विचारते.

शेवटचं वाक्य अनेक फितींमध्ये नसतं. ते घालाच. शांत राहणं आणि गप्प राहणं यांची गल्लत होऊ देऊ नका. चार-पाच वाक्यं पुरेत, आणि ती तुमच्या बोलण्यात बसतील अशी वळवून घ्या. पुस्तकी वाक्यं कळांमध्ये आठवत नाहीत.

पाचवी पायरी: खूण बांधणं

खोल गेल्यावर, अगदी निवांत क्षणी, अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवा, श्वास सोडा, मनात ‘सैल’ म्हणा. रोज सरावाच्या शेवटी तीनदा. दोन-तीन आठवड्यांत बोटं जुळली की श्वास आपोआप लांबतो. मग ती खूण दिवसभरात वापरून बघा: रक्त काढताना, रांगेत उभं असताना, रात्री अडीचला जाग येऊन विचार सुरू होतात तेव्हा. दुसरी खूण सोबतीची: त्याचा तळवा तुमच्या खांद्यावर, श्वास सोडताना किंचित खाली दाब.

हात बधिर झाल्याची कल्पना करून तो बधिरपणा पोटाकडे न्यायचा, असंही एक तंत्र शिकवतात. काहींना ते छान जमतं. आठवडाभर करून बघा, जमलं नाही तर सोडून द्या.

सहावी पायरी: बर्फाचा सराव

माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत कामाचा भाग हाच, आणि लोक तोच टाळतात. निवांत खोलीत मऊ उशीवर सैल होणं कुणालाही जमतं. काहीतरी टोचत, दुखत असताना जमतं का, हे इथे कळतं.

बर्फाचा एक तुकडा आणि घड्याळ घ्या. पहिल्यांदा काहीही न करता तुकडा मुठीत धरा, एक मिनिट. विसाव्या सेकंदाच्या आसपास कळ हातातून वर सरकते, खांदा चढतो, श्वास थांबतो, नजर घड्याळाला चिकटते. मिनिट संपलं की बर्फ ठेवा, हात पुसा, दोन-तीन मिनिटं थांबा.

आता दुसऱ्या हातात. बर्फ धरायच्या आधी एक लांब श्वास सोडा. धरल्यावर श्वास चार आणि सहा, जबडा सैल, दुसऱ्या हाताची बोटं जुळलेली. गारठा तेवढाच असतो. पण या वेळी तो एका हातापुरता राहतो, अंगभर पसरत नाही. मिनिट संपलं की खरा सराव सुरू होतो: पुढच्या दोन मिनिटांत पूर्ण सैल व्हायचं, मागच्या मिनिटाबद्दल बोलायचं नाही, पुढच्याचा विचार करायचा नाही. मग तिसरी ‘कळ’. अशा चार-पाच, आठवड्यातून दोनदा. मिनिटापेक्षा जास्त धरू नका. थंडीने बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर बर्फ वगळा. त्याऐवजी भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडे वाकवून मिनिटभर उभं राहा, कुणीतरी शेजारी असू द्या.

सोबतीच्या माणसासाठी

नवरा, आई, बहीण, मैत्रीण, जे कुणी आत येणार असेल त्याने निदान चार-पाचदा हा सराव बरोबर केलेला हवा. त्या दिवशी प्रथमच कागद हातात घेऊन वाचणारा माणूस उपयोगाचा नसतो. आवाज खालच्या पट्टीत, वाक्यं दोन शब्दांची: ‘खांदे सोड.’ ‘लांब श्वास.’ ‘गेली ही.’ ती उत्तर देणार नाही, द्यावंही लागू नये. कळ चालू असताना प्रश्न विचारू नका, पाणी हवं का तेही नाही. ‘घाबरू नकोस’ म्हणू नका, आणि ‘थोडंच राहिलं’ हे तर मुळीच नाही, कारण ते तुम्हाला माहीत नसतं. ती हात झटकून टाकेल. वाईट वाटून घेऊ नका, दोन कळा गेल्यावर पुन्हा विचारा.

आणखी एक काम. शांत दिसणाऱ्या बाईच्या कळा अजून लांब आहेत असा अंदाज स्टाफकडून बांधला जाऊ शकतो. ती सराव वापरते आहे हे आत गेल्या गेल्या सांगा, आणि कळा किती मिनिटांनी येत आहेत, किती टिकत आहेत, ते लिहून दाखवा.

प्रत्यक्ष त्या दिवशी

सुरुवातीच्या तुरळक कळांना सगळी तंत्रं वापरू नका. रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा. दिवस असेल तर डॉक्टरांनी मना केलं नसेल तर हलकं खा, हिंडाफिरा. हा टप्पा पहिलटकरणीला खूप तास चालू शकतो. बोलता बोलता कळ थांबवते, वाक्य पुरं होत नाही, असं झालं की श्वास सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा सक्रिय टप्पा धरतात. स्नायू सैल करणं, श्वास, संगीत अशा पद्धतींचा पर्याय निरोगी बायकांना द्यावा, असंही त्यात आहे. म्हणजे तुम्ही काही विचित्र मागणी करत नाही आहात.

संमोहन म्हणजे निपचित पडून राहणं असं काहींनी मनात धरलेलं असतं. उभं राहा, डुला, पुढे वाकून टेका, डोळे उघडे ठेवा. आवाज निघाला तर निघू द्या, फक्त तो छातीतून, खर्जात येऊ दे. किंचाळी वर चढली की गळा आणि जबडा आवळतो. आतून तपासणी करताना बोटांची खूण हमखास उपयोगी पडते: तपासणारीला ‘एक श्वास थांबा’ म्हणा, श्वास सोडताना मांड्या सैल करा.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडत येतं तेव्हा, साधारण ८ ते १० सेंटिमीटरच्या दरम्यान, बहुतेकींचं सगळं सुटतं. थरथर, उलटी, ‘मला नाही जमणार, मला घरी जायचंय’. इथे पायऱ्या, जागा, मोजणी काही आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही. एकच गोष्ट धरा: श्वास सोडणं. सोबतीने तोंडासमोर येऊन आपण स्वतः लांब श्वास सोडत राहावं, ती पाठोपाठ सोडते. जोर द्यायची वेळ आल्यावर शरीराची ओढ आणि डॉक्टर-नर्सचं सांगणं ऐका, तंद्री बाजूला ठेवा.

ड्रिप लावून कळा आणल्या तर त्या हळूहळू वाढायची उसंत देत नाहीत, म्हणून श्वास पहिल्या कळेपासूनच सुरू करा. एपिड्युरल हवं वाटलं तर मागा. ती सुई टोचताना अजिबात हलायचं नसतं, तेव्हा हा सराव विशेष कामी येतो. सिझर झालं तरी तेच: शरीराचा खालचा भाग बधिर असताना आत ओढल्यासारखं, ढवळल्यासारखं जाणवतं, त्या वेळी खांदे-जबडा-श्वास हे तिन्ही तुमच्याकडेच असतात.

सैल होऊन थांबायचं नाही अशी लक्षणं

रक्तस्राव, हिरवट-तपकिरी पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं, ताप, न ओसरणारी सततची पोटदुखी, ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा किंवा पाणी जाणं. यातलं काहीही असलं तर फीत लावून वाट बघू नका, ताबडतोब दवाखान्यात फोन करा आणि निघा. श्वासाचा सराव गाडीत करता येतो.

बाळंतपणानंतर पोटात कळा येतात, दूध पाजताना जास्त, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पहिलीपेक्षा जोरदार. टाके तपासताना, पहिल्यांदा लघवीला जाताना, पाजायला बसल्यावर खांदे वर चढतात तेव्हा, बोटांची खूण तशीच वापरा. जुनी फीत मात्र पुसून नवी करा: पाच मिनिटांची, कळांचा उल्लेख नसलेली, बाळ झोपल्यावर पटकन डोळा लागावा एवढ्यासाठी. आणि बाळंतपण मनाला लागलं असेल, त्याची दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असतील, दोन आठवड्यांनंतरही उदास, भेदरल्यासारखं वाटत असेल, किंवा बाळाला वा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते स्वसंमोहनाने दाबू नका. इजेचे विचार असतील तर त्याच दिवशी, एरवीही लवकरात लवकर, डॉक्टरांशी बोला.